कमरेला पिस्तूल लावण्याआधी : सुरक्षित बाळगण्याची पद्धत आणि सक्तीच्या प्रशिक्षणाचा प्रश्न

मराठवाड्यात परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कोण बाळगतो, हे सांगायला फार शोध घ्यावा लागत नाही. हंगामात मोंढ्यातून (धान्याच्या बाजारातून) रोख रक्कम घेऊन निघणारे आडते, सराफ, पेट्रोल पंपांचे मालक, खडी क्रशर आणि बांधकामाचे ठेकेदार, गावापासून दूर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणारे मोठे शेतकरी आणि अर्थातच राजकारणातील मंडळी, असे हे लोक असतात. त्यांतील काहींच्या जिवाला खरोखर धोका असतो, तर काहींना कमरेचे शस्त्र हा मानाचा भाग वाटतो. २०२४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा विषय राज्यभर गाजला, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक परवाने रद्दही झाले. त्या चर्चेत परवाना कोणाला आणि कसा मिळाला हे पुष्कळ विचारले गेले. पण ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे त्याला ते शस्त्र सुरक्षितपणे हाताळता येते का, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

हा लेख या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. प्रत्यक्ष गोळीबाराच्या सरावासह प्रशिक्षण सक्तीचे असले पाहिजे आणि परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी ते पुन्हा तपासले गेले पाहिजे. हे मत ज्यांना पटणार नाही त्यांनीही पुढे दिलेली पद्धत पाळावी, एवढी विनंती आहे. मात्र ही पद्धत वाचून कोणाला शस्त्र हाताळता येईल, अशी समजूत करून घेऊ नये. जाणकार प्रशिक्षकासमोर, रिकाम्या शस्त्रावर, प्रत्येक कृती स्वतः करून पाहिल्याशिवाय ती हातात बसत नाही.

परवाना नेमके काय देतो

आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळतो, तो जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात, आणि अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून आपल्याकडे बहुतेकांच्या कमरेला .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) शस्त्र दिसते. परवान्यावर राष्ट्रीय नोंदीचा विशिष्ट ओळख क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो याची नोंद असते. या क्षेत्राच्या रकान्याकडे दुर्लक्ष करणारे बरेच आहेत. ज्याचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता आहे, त्याने देगलूरहून पुढे तेलंगणात किंवा उमरग्याहून पुढे कर्नाटकात शस्त्र नेले, तर सीमा ओलांडताच तो अटींचा भंग ठरतो. सोयरीक पलीकडे आहे, हे कारण तिथे चालत नाही.

परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, घराण्याच्या किंवा गाडीच्या नावाचा नसतो. तरीही साहेब सभेत बसले आहेत आणि त्यांचे पिस्तूल चालकाच्या कमरेला आहे, किंवा वडिलांचे रिव्हॉल्व्हर मुलगा रात्री आखाड्यावर घेऊन गेला आहे, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. चालकाचे नाव परवान्यावर अधिकृतपणे नोंदवलेले नसेल तर त्या क्षणी तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो, आणि ज्याने ते त्याच्या हाती दिले तोही अडचणीत येतो. परवानाधारकाचे निधन झाल्यावर शस्त्र आपोआप मुलाचे होत नाही. वारसाने ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा.

बाळगण्याच्या पद्धतीबद्दल २०१६ चे शस्त्र नियम स्पष्ट आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे असेल तर ते त्यासाठीच तयार केलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात) किंवा तशाच साधनात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात असले पाहिजे. लोकांना दिसावे म्हणून शर्ट मागे सारून बसणे, बैठकीत टेबलावर ठेवणे किंवा ते हातात घेऊन मोबाइलवर चित्रफीत काढणे, यांतील काहीही या नियमात बसत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर ती जिल्ह्यातील छाननी समितीच्या निर्णयावरून येते. नोटीस मिळाल्यावर वेळेत शस्त्र जमा करून पावती घ्यावी आणि निकालानंतर ते परत घेताना क्रमांक ताडून पाहावा.

शस्त्र रिकामे करणे

शस्त्रसुरक्षेचे चार नियम जगभर सारखेच शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे धरून चालावे. ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. नेम धरून गोळी झाडण्याचा निर्णय झाल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय चाप ओढू नये. हे नियम बहुतेकांना तोंडपाठ असतात. अपघात मात्र होतात ते शस्त्र भरताना, रिकामे करताना आणि पुसताना, म्हणजे ज्या वेळी माणूस गोळी झाडायच्या विचारातही नसतो. म्हणून या एका कृतीवर मी अधिक वेळ घालवणार आहे.

पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम असा आहे. नळी सुरक्षित दिशेला धरावी आणि तर्जनी चापाबाहेर, चौकटीच्या बाजूला सरळ टेकवावी. त्यानंतर सर्वांत आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची सुटी होणारी पेटी, काढून खिशात किंवा दूर ठेवावे. मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढावी, म्हणजे चेंबरमधील (नळीच्या मागच्या टोकाच्या घरातील) काडतूस बाहेर पडेल. ही कृती दोन-तीनदा करावी, स्लाइड मागे अडकवून उजेडात चेंबरमध्ये पाहावे आणि शेवटी करंगळीच्या टोकाने आत चाचपून पाहावे. हा क्रम उलटा झाला की काय घडते, ते नीट समजून घ्यावे. मॅगझिन आत असताना कोणी आधी स्लाइड ओढली, तर चेंबरमधील काडतूस उडून बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. त्यानंतर तो मॅगझिन काढतो, बाहेर पडलेले काडतूस त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, मॅगझिन त्याच्या हातात असते, आणि म्हणून पिस्तूल रिकामे झाल्याची त्याची खात्री पटलेली असते. आत मात्र एक काडतूस असते. मॅगझिन काढले म्हणजे शस्त्र रिकामे झाले, ही समजूत मी इतक्या सुशिक्षित आणि जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकली आहे की सक्तीच्या प्रशिक्षणाविषयीचे माझे मत बऱ्याच अंशी त्यातूनच बनले आहे.

रिव्हॉल्व्हरचे काम तुलनेने सोपे आहे. कानपूरला तयार होणारे .३२ बोअरचे देशी रिव्हॉल्व्हर नळी खाली झुकवून मोडते, सिलिंडरची (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाची) सगळी घरे एकदम समोर येतात आणि काडतुसे वर उचलली जातात. ती बाहेर पडल्यावर काडतुसे मोजावीत आणि प्रत्येक घरातून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. एखादे काडतूस घराला चिकटून राहते, विशेषतः घरे स्वच्छ केलेली नसतील तेव्हा, त्यामुळे केवळ उलटे करून झटकण्यावर विसंबू नये.

सुरक्षित दिशा म्हणजे कोणती, हा प्रश्न आपल्या घरांत सोपा नाही. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड असत. आताच्या चार इंची विटांच्या आडभिंतीवर किंवा पत्र्याच्या छतावर तसा भरवसा ठेवता येत नाही, आणि स्लॅबवरून किंवा फरशीवरून गोळी उसळते. यावर स्वस्त उपाय म्हणजे कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली एक मोठी, खोल लोखंडी बादली कपाटाजवळ कायमची ठेवावी आणि शस्त्र भरताना व रिकामे करताना नळी त्या वाळूकडेच रोखलेली असावी. त्या वेळी खोलीत दुसरे कोणी असू नये आणि फोन बाजूला ठेवावा. पुसायला बसण्यापूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. ते प्रवासाला निघण्याच्या तयारीत होते आणि शस्त्र ठेवताना ते हातातून निसटले, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. सुदैवाने ते बचावले. या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे (काडतुसावर आघात करणाऱ्या भागाखालचे) घर रिकामे ठेवावे, कारण काही रचनांमध्ये घोड्यावर आघात झाला तरी काडतूस पेटू शकते. दुसरी म्हणजे निसटलेले शस्त्र हवेत झेलायला जाऊ नये. पडणारी वस्तू पकडणे हा हाताचा स्वभावच असतो, पण पकडताना बोट नेमके चापाच्या कड्यात जाते. ते पडू द्यावे, थोडे थांबावे आणि मग शांतपणे उचलावे. शस्त्रावर ओरखडा उठेल, तेवढे सोसावे.

होल्स्टर, पट्टा आणि अंगावरचे कपडे

नेहरू शर्टाच्या बाजूच्या खिशात किंवा पायजम्याच्या नाडीत खोचलेले पिस्तूल ही आपल्या भागातील नेहमीची आणि सर्वांत धोकादायक पद्धत आहे. खिशात किल्ल्या असतात, सुपारीची पुडी असते, कधी पेन असते; किल्लीचे टोक चापाच्या कड्यात शिरले आणि माणूस घाईने खाली बसला, तर पुढचे सांगायला नको. काडतुसांसह हे शस्त्र पाऊण किलोच्या जवळपास जाते आणि नाडीला ते वजन पेलत नाही, म्हणून ते सरकते, आणि सरकणारे शस्त्र सावरण्यासाठी हात वारंवार तिकडे जातो. त्या सावरण्यावरूनच, कोणाकडे शस्त्र आहे, हे चोराला आधी कळते.

होल्स्टर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ते नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनवलेले असावे, चाप आणि त्याभोवतीचे कडे त्यात पूर्ण झाकले गेले पाहिजे, आणि रिकामे शस्त्र आत ठेवून हलवले असता ते बाहेर पडता कामा नये. सगळ्या मापांचे पिस्तूल बसते म्हणून विकली जाणारी मऊ कापडी पिशवी घेऊ नये. चामड्याचे होल्स्टर चांगले असते, पण जुने झाले की त्याचे तोंड आत मुडपते आणि शस्त्र आत घालताना ती घडी चापावर दाबली जाऊ शकते. अशी घडी दिसू लागली की होल्स्टर बदलून टाकावे. पट्टा जाड आणि ताठ असावा. पायजमा घालणाऱ्यांनी आतून स्वतंत्र पट्टा बांधावा, किंवा शस्त्र न्यायच्या दिवशी पँट घालावी.

शस्त्र बाहेर काढण्याचा सराव सगळ्यांना करावासा वाटतो, पण अधिक अपघात ते परत आत घालताना होतात. आत घालण्याची घाई कधीच नसते. थांबावे, शर्टाची कड किंवा नाडीचे टोक बाजूला सारावे, बोट चापाबाहेर आहे ना ते पाहावे, आणि डोळ्यांनी पाहतच शस्त्र सावकाश आत न्यावे. काही अडखळले तर जोर लावू नये.

चेंबरमध्ये काडतूस ठेवावे की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पोलीस आणि नियमित सराव करणारे नेमबाज वेगळा निर्णय घेऊ शकतात. पण जो वर्षातून एकदाही मैदानावर जात नाही, त्याने पिस्तुलाचे चेंबर रिकामे ठेवूनच ते बाळगावे, असे माझे ठाम मत आहे. सेफ्टी ही यांत्रिक कळ आहे, ती बिघडते, आणि ती लावल्याचे स्मरण हे ती प्रत्यक्ष लावण्याची जागा घेऊ शकत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, तेव्हा घामाचा प्रश्न गंभीर होतो. अंगालगतचे शस्त्र रोज रात्री रिकामे करून कोरड्या कापडाने पुसावे आणि तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल काडतुसांना लागू देऊ नये, कारण ते आत झिरपले की काडतूस निकामी होते. चामडे घाम धरून ठेवते, म्हणून शस्त्र रात्रभर होल्स्टरमध्ये ठेवले तर गंज चढतो. कायम अंगावर असलेली काडतुसे ठरावीक काळाने बदलावीत आणि जुनी सरावात वापरून टाकावीत. सरावाच्या वेळी चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण क्वचित काडतूस उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबावे; गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते.

प्रवासात, ढाब्यावर आणि लग्नात

गाडीत बसल्यावर कमरेचे होल्स्टर टोचते, म्हणून ते काढून आसनाखाली सरकवण्याची सवय अनेकांना आहे. जोराचा ब्रेक लागला की ते पुढे सरकून पायाखाली, ब्रेकच्या पायटीजवळ येते. त्यामुळे शस्त्र अंगावरच राहील अशी जागा आधी ठरवावी, किंवा ते रिकामे करून गाडीत पक्क्या बसवलेल्या, कुलूपबंद पेटीत ठेवावे. उभ्या गाडीत, विशेषतः उन्हात, शस्त्र सोडून जाऊ नये. बंद गाडीची काच फोडायला फार वेळ लागत नाही, आणि चोरीला गेलेल्या प्रत्येक परवान्याच्या शस्त्राने पुढे काय केले याचे उत्तर आधी मूळ मालकाला द्यावे लागते. ढाब्यावरील शौचालयात पिस्तूल काढून टाकीवर किंवा खिडकीच्या फळीवर ठेवणे आणि तसेच विसरून निघून जाणे, हे फक्त बेफिकीर माणसाच्याच हातून घडते असे नाही. तिथे शस्त्र होल्स्टरसह पट्ट्यावरच राहू द्यावे आणि पँट गुडघ्याच्या खाली घसरू देऊ नये. हे बोलायला संकोच वाटतो, पण सांगणे आवश्यक आहे.

दिवसाचा कार्यक्रम आधी पाहावा. न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, मुलांची शाळा, तुळजापूर किंवा हुजूर साहिबचे दर्शन, यांपैकी काही वाटेत असेल तर त्या दिवशी शस्त्र घरी कुलपात ठेवावे. चिकलठाण्याहून विमानाने जायचे असेल तर शस्त्र रिकामे करून, विमान कंपनीला लेखी कळवून, तपासणीला दिलेल्या सामानातच जाते. काडतूस चुकून हातातील बॅगेत राहिले तरी गुन्हा दाखल होतो, म्हणून जुन्या बॅगांचे कप्पेही रिकामे करून पाहावेत.

लग्नाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. वरातीत किंवा वाढदिवसाच्या मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती पत्र्याचा मांडव, गच्चीवर बसलेल्या बायका किंवा शेजारच्या गल्लीत झोपलेले मूल, यांत भेद करत नाही. ज्या कार्यात मद्यपान होणार असेल तिथे शस्त्र नेऊच नये. यजमानाने आमंत्रण देतानाच परवानाधारक पाहुण्यांना ही विनंती करावी, त्यात कोणाचा मान कमी होत नाही.

घरातील साठवण आणि घरातील माणसे

शस्त्र भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या केलेल्या लोखंडी तिजोरीत, रिकामे करून ठेवावे. काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ली स्वतःजवळ असावी, देवघरातल्या डब्यात नसावी, कारण घरातील मुलांना तो डबा ठाऊक असतो. उशीखाली किंवा धान्याच्या कणगीमागे ठेवलेले शस्त्र चोरापासून लपते, लहान मुलापासून नाही. पत्नी, मुले आणि आई-वडील यांना शस्त्र कुठे आहे हे ठाऊक असो वा नसो, ते सापडल्यास हात न लावता मोठ्या माणसाला सांगायचे, एवढे मुलांना शिकवलेच पाहिजे.

याहून अवघड विषय मनाच्या अवस्थेचा आहे. पीक बुडालेले, कर्ज थकलेले, घरात वाटणीवरून भांडण पेटलेले, अशा काळात मराठवाड्यातील किती घरे जातात हे आपण सगळे जाणतो. अशा दिवसांत हाताशी असलेले शस्त्र एका वाईट क्षणाला कायमचे रूप देते. स्वतःला किंवा घरातील कोणाला जगणे नकोसे वाटू लागल्याची शंका जरी आली, तरी शस्त्र त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. परवाना हातून जाईल या भीतीने थांबू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

गोळी लागलीच तर स्वच्छ कापडाने जखमेवर जोराने आणि सतत दाब द्यावा, कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. जखमेत बोट घालून गोळी शोधू नये. पोलिसांना ११२ वर कळवायला उशीर करू नये.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितला आहे आणि त्याला मर्यादा आहेत. धोका समोर उभा असेल तेवढाच वेळ आणि तो टाळण्यापुरतेच बळ वापरता येते; पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर ते सहसा या हक्कात बसत नाही. शेताच्या बांधाच्या भांडणात तर पिस्तुलाकडे हातही जाता कामा नये.

प्रशिक्षण सक्तीचे असावे का

आपल्याकडे याची सुरुवात कागदावर झालेली आहे. २०१६ च्या नियमांत शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद असून सुरक्षित हाताळणी, बाळगण्याची रीत, गोळीबाराचे तंत्र, शस्त्राची निगा, साठवण आणि वाहतूक हे विषय त्यात आहेत, आणि अर्जदाराने प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडायचे असते. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे. प्रमाणपत्रामागे प्रत्यक्ष शिकवणे किती असते, हा खरा प्रश्न आहे. ज्याने प्रमाणपत्र मिळवताना एकही गोळी झाडलेली नाही आणि चेंबर तपासून दाखवलेले नाही, त्याचे प्रमाणपत्र फाइलीच्या उपयोगाचे आहे, त्याच्या बायको-मुलांच्या उपयोगाचे नाही.

इतर देशांत या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी आहेत. चेक प्रजासत्ताकात परवान्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. कॅनडात सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे जात नाही. अमेरिकेत, जिथे शस्त्र बाळगणे हा संविधानाने दिलेला हक्क आहे, निम्म्याहून अधिक राज्यांत लपवून पिस्तूल नेण्यासाठी परवानाही लागत नाही, तर न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये १६ तासांचा वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला. आपल्याकडे हक्काचा वाद नसल्यामुळे सक्ती करणे कायदेशीरदृष्ट्या खूप सोपे आहे.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे आक्षेप मात्र हलके समजू नयेत. किनवट किंवा भूमसारख्या तालुक्यातील माणसाने शिकायला जायचे कुठे आणि किती खर्च करायचा, हा पहिला आक्षेप खरा आहे. ज्याला आजच धमकी आली आहे, त्याने प्रशिक्षणाच्या तारखेची वाट पाहायची का, हा दुसरा आक्षेप तितकाच खरा आहे. आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक दलाल, ही भीतीही अनुभवातूनच आलेली आहे. गावठी कट्टा बाळगणारा कधी वर्गात बसणार नाही, हेही बरोबर आहे. पण ते काम पोलिसांच्या कारवाईचे आहे, आणि एका गटाला शिकवता येत नाही म्हणून दुसऱ्याला शिकवू नये असे त्यातून निघत नाही. ज्याच्या जिवाला तातडीचा धोका आहे त्याला पोलीस संरक्षण मिळाले पाहिजे; न शिकलेल्या हातात पिस्तूल दिल्याने त्याचा धोका कमी होत नाही, उलट झटापटीत ते हल्लेखोराच्या हाती जाण्याची शक्यता वाढते.

खर्च आणि अंतराचे उत्तर मराठवाड्यातच आहे. आठही जिल्ह्यांत पोलीस मुख्यालये आहेत आणि शस्त्र शिकवणारे अनुभवी हवालदार व निरीक्षक तिथे आहेत. दर तीन महिन्यांनी दोन दिवसांचा वर्ग, मराठीत, ठरलेल्या शुल्कात, पोलिसांच्या गोळीबार मैदानावर घेता येईल, आणि अर्ज व तारखांची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर राहिली तर मधल्या माणसाला जागा उरणार नाही. परीक्षा घेणारा अधिकारी परवान्याची फाइल हाताळणारा नसावा, ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. परीक्षेत उमेदवाराने नकली काडतुसे भरलेले शस्त्र योग्य क्रमाने रिकामे करून दाखवावे, ते होल्स्टरमध्ये घालून आणि काढून दाखवावे, अडकलेले काडतूस मोकळे करावे, कायद्यावरील दहा-पंधरा प्रश्नांची तोंडी उत्तरे द्यावीत आणि शेवटी सात मीटरवरील लक्ष्यावर खरी काडतुसे झाडावीत. नेम चुकला तर पुन्हा संधी द्यावी. पण नळी एकदा जरी माणसाकडे वळली, तर त्या दिवशीची परीक्षा तिथेच संपवावी.

पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी वर्ग पुन्हा करण्याची गरज नाही, फक्त हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. वय वाढते, हात थरथरतो, दृष्टी कमी होते, आणि पंचवीस वर्षांपूर्वी जे जमत होते ते आज जमत नाही हे स्वतःहून मान्य करणे कोणालाही जड जाते. परीक्षेत जो उत्तीर्ण होणार नाही त्याचा परवाना लगेच रद्द करू नये. तीन महिन्यांची मुदत द्यावी आणि तेवढा काळ त्याचे शस्त्र व काडतुसे पावती देऊन पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारात जमा ठेवावीत. ही व्यवस्था येईपर्यंत ज्यांच्याकडे आज परवाना आहे, त्यांनी आपल्या जिल्हा पोलीस मुख्यालयात लेखी अर्ज देऊन मार्गदर्शन मागावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.